फर्मेंटेशन प्लांटमधला मास स्पेक्ट्रोमीटर: चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या प्लांटमध्ये १८ फर्मेंटर, म्हणजे जिवाणू किंवा यीस्ट वाढवण्याच्या टाक्या, आहेत आणि त्या सगळ्यांतून बाहेर पडणारा वायू गेली चार वर्षे एकच यंत्र तपासते आहे. ते यंत्र म्हणजे चुंबकीय पद्धतीचा प्रोसेस मास स्पेक्ट्रोमीटर, वायूचे घटक वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारा. खरेदीच्या आधी त्याविषयी वाचायला मिळाले ते सगळे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतले होते. रोज वापरणाऱ्याने मराठीत लिहिलेले काहीच हाती लागले नाही, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितो आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा यंत्राच्या नसून ते बसवण्याच्या आणि सांभाळण्याच्या आहेत, आणि चांगले म्हणून जे लिहिले आहे ते या जातीच्या कुठल्याही नीट बांधलेल्या यंत्राला लागू पडते.

आधी आमच्याकडे दोन-दोन फर्मेंटरांना मिळून ऑक्सिजनचा एक पॅरामॅग्नेटिक ॲनालायझर आणि कार्बन डायऑक्साइडचा एक इन्फ्रारेड ॲनालायझर होता. दोन्ही उपकरणे आपापल्या जागी चांगली आहेत आणि ज्यांच्याकडे दोन-तीनच फर्मेंटर आहेत त्यांना मी आजही तीच घ्यायला सांगेन. आमची अडचण वेगळी होती. नऊ जोड्या म्हणजे १८ ॲनालायझर, आणि प्रत्येकाचा शून्यबिंदू आपापल्या दिशेने सरकत असे. चार नंबर आणि पाच नंबरच्या फर्मेंटरमध्ये एकच इनॉक्युलम (सुरुवातीला सोडायचे जिवाणू), एकच मीडिया (त्यांचे खाद्य) घालूनही श्वसनाचा वेग वेगळा दिसला, तर तो फरक जिवाणूंचा की ॲनालायझरचा, याचे उत्तर कोणाकडेच नसे. सकाळच्या बैठकीत त्यावरून वाद होत आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे धरले जाई.

एकच यंत्र सगळ्या फर्मेंटरांना मोजू लागले की हा वाद संपतो. यंत्र थोडे चुकत असले तरी ते सगळ्यांसाठी सारखेच चुकते, आणि आत जाणारी हवाही त्याच फेरीत तपासली जात असल्याने आत किती आणि बाहेर किती यातला फरक खात्रीचा मिळतो. माझ्या दृष्टीने या खरेदीचे खरे कारण एवढेच आहे. बाकीचे सगळे गुण त्यानंतर येतात.

यंत्र करते काय, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण ते कळल्याशिवाय त्याच्या खोडीही कळत नाहीत. फर्मेंटरांकडून येणाऱ्या नळ्या एका फिरत्या व्हॉल्व्हला जोडलेल्या असतात. ठरलेल्या वेळाने 'टक्' असा आवाज येतो, व्हॉल्व्ह एक घर पुढे सरकतो आणि पुढच्या फर्मेंटरचा वायू यंत्राकडे वळतो. त्यातला अगदी नगण्य अंश बारीक केशनलिकेतून निर्वात कक्षात शिरतो. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या कोट्यवधीव्या हिश्शाइतका कमी असतो आणि तो तसा राखण्यासाठी मिनिटाला हजारो फेरे घेणारा टर्बोमॉलिक्युलर पंप रात्रंदिवस चालू असतो. तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंवर आदळतात आणि काही रेणूंचा एकेक इलेक्ट्रॉन उडवून त्यांचे धन आयन करतात. या आयनांना विद्युत दाबाने वेग देऊन चुंबकाच्या क्षेत्रातून पाठवले की हलके आयन जास्त वळतात आणि जड आयन कमी. चुंबकाची तीव्रता बदलत नेली की एकेका वस्तुमानाचे आयन आळीपाळीने शोधकाच्या फटीत उतरतात, आणि त्यांनी निर्माण केलेला सूक्ष्म विद्युतप्रवाह म्हणजेच त्या वायूचे मोजमाप.

हे तत्त्व जुने आहे. केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३च्या सुमारास याच मार्गाने निऑनचे २० आणि २२ वस्तुमानाचे दोन प्रकार वेगळे दिसतात हे दाखवले. १९१८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर डेम्प्स्टर यांनी चुंबकाने आयन वळवून मोजणारे उपकरण बांधले आणि १९४० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नीर यांनी ६० अंशांच्या वळणाची सुटसुटीत रचना केली. नीर यांनी पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या ओक रिजच्या युरेनियम प्रकल्पातील वायुप्रवाहांवर सतत लक्ष ठेवणारी उपकरणे बनवली. ज्याला आपण आज प्रोसेस मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतो त्याची ही पूर्वजमंडळी.

चुंबकीय यंत्राचा एक गुण माहितीपत्रकात एका ओळीत लिहिलेला असतो आणि वाचणारा तो सहज सोडून देतो. या यंत्रात प्रत्येक वस्तुमानाच्या संकेताचा आलेखावरचा माथा पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट असतो. क्वाड्रुपोल पद्धतीच्या यंत्रात चार दांड्यांमधल्या विद्युतक्षेत्राने आयन निवडले जातात आणि तिथला माथा बहुधा गोलसर असतो. तापमानाने किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या किंचित बदलाने मोजण्याची जागा थोडी सरकली, तर गोलसर माथ्यावरून घसरून आकडा बदलतो. सपाट माथ्यावर तो जवळपास तसाच राहतो. आमच्या ॲनालायझर खोलीचा एसी मे महिन्यात दोनदा बंद पडला तेव्हा हा गुण आम्हाला प्रत्यक्ष दिसला. क्वाड्रुपोल यंत्र स्वस्त असते, लहान असते आणि संशोधन प्रयोगशाळेत मी तेच घेईन, परंतु दोन वेगवेगळ्या महिन्यांतल्या बॅचची तुलना करायची असेल तर मला सपाट माथा हवा.

एवढ्या बारकाईची गरज का, हे साध्या हिशोबाने स्पष्ट होते. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो. बॅच ऐन भरात असताना बाहेर पडणाऱ्या वायूत तो समजा १९.९५ टक्के दिसला, तर जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन म्हणजे हा १ टक्क्याचा फरक. मोजण्यात ०.०२ टक्क्याची चूक झाली तर या फरकात ती २ टक्के होते. पण बॅचच्या सुरुवातीच्या तासांत फरकच ०.२ टक्के असतो, आणि तीच ०.०२ची चूक तिथे निदान १० टक्के होते. म्हणजे ज्या वेळी वाढ नीट सुरू झाली की नाही हे सर्वांत जास्त जाणून घ्यायचे असते, त्याच वेळी साधा ॲनालायझर सर्वांत कमी विश्वासाचा असतो.

आता २८ या आकड्याविषयी, कारण या यंत्राच्या बाबतीत नवख्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते. नायट्रोजनचे वस्तुमान २८. कार्बन डायऑक्साइडचे ४४, पण इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्याचे काही रेणू फुटतात आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइडचा तुकडाही २८ वरच येऊन बसतो. हा तुकडा ४४च्या संकेताच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो. बाहेरच्या वायूत ३ टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर नायट्रोजनच्या आकड्यात सुमारे ०.३ची खोटी भर पडते. आम्ही बाहेर जाणाऱ्या वायूचा प्रवाह वेगळा मोजत नाही. नायट्रोजन आणि आर्गॉन जिवाणू खातही नाहीत आणि तयारही करत नाहीत, या आधारावर आत जाणाऱ्या हवेच्या प्रवाहावरून तो काढतो. त्यामुळे ही भर वजा झाली नाही तर ऑक्सिजनच्या वापराचा आकडा २ टक्क्यांच्या आसपास चुकतो. यंत्राचे सॉफ्टवेअर ही वजाबाकी आपोआप करते, पण ती करण्यासाठी लागणारे तुकड्यांचे प्रमाण कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे यंत्र जुळवताना, घटकांचे प्रमाण माहीत असलेले मिश्रण देऊन त्याला शिकवावे लागते, आणि फिलामेंट जुने होत गेले की ते प्रमाण हळूहळू बदलते.

यावर आम्ही एक साधी तपासणी बसवली आहे, जी कुठल्याही प्रशिक्षणात आम्हाला कोणी सांगितली नव्हती. हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के आणि आर्गॉन ०.९३४ टक्के असतो, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर सुमारे ८३.६. फर्मेंटरमध्ये काहीही घडले तरी हे गुणोत्तर बदलायचे कारण नाही. बॅच भरात आल्यावर, कार्बन डायऑक्साइड वाढलेला असताना, तासाभराच्या सरासरीत ते ८३.६ वरून ८४कडे सरकलेले दिसले की समजायचे, २८ वरची वजाबाकी बिघडली आहे आणि कॅलिब्रेशन करायला हवे. आमच्या शिफ्ट केमिस्ट मुलींनी हे गुणोत्तर पटलावर वेगळे काढून ठेवले आहे आणि ड्यूटीवर आल्यावर त्या आधी तिकडे बघतात. मात्र नळीत बाहेरची हवा शिरत असेल तर ही तपासणी ते पकडत नाही, कारण शिरणाऱ्या हवेतही तेच गुणोत्तर असते. त्यासाठी नळीच्या फर्मेंटरकडच्या टोकालाच कॅलिब्रेशन वायू देऊन पाहावे लागते, आणि ते काम वर शिडी लावून, हातात सिलिंडरची नळी घेऊन करावे लागते म्हणून टाळले जाते. टाळू नये.

यंत्र किती उपयोगी पडले याचा एक प्रसंग सांगतो. यीस्टची बॅच होती, ग्लुकोज थेंबाथेंबाने सोडण्याची. यीस्ट ग्लुकोज पूर्णपणे श्वसनाने जाळत असेल तर तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १च्या जवळ राहते. रात्री दोनच्या सुमारास तेरा नंबरच्या फर्मेंटरचे हे गुणोत्तर १.०३ वरून १.१ वर आणि पुढच्या दोन फेऱ्यांत १.२ वर गेले. विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रोब काहीच वेगळे दाखवत नव्हता, कारण तो कमी होऊ लागला की स्टररचा वेग आपोआप वाढत होता. गुणोत्तर १च्या वर जाणे म्हणजे यीस्टला झेपत नाही एवढी साखर मिळते आहे आणि ते मद्यार्क तयार करू लागले आहे. शिफ्ट केमिस्टने खाली जाऊन पाहिले, तर संध्याकाळी ग्लुकोज सोडणाऱ्या फीड पंपाची रबरी नळी बदलताना मोठ्या व्यासाची बसली होती. फीड कमी केल्यावर गुणोत्तर उतरले आणि काही वेळ ०.८च्याही खाली गेले. तयार झालेला मद्यार्क यीस्ट आता पुन्हा खात होते, आणि मद्यार्काचे हे गुणोत्तर हिशोबाने ०.६७ येते. पडद्यावरच्या त्या एका रेषेत यीस्टने आधी काय केले आणि नंतर काय खाल्ले हे वाचता आले. बॅच वाचली. सकाळच्या नमुन्याची वाट पाहिली असती तर ती वाचली नसती.

आता तक्रारी. यातली सर्वांत मोठी तक्रार यंत्राच्या बाहेरची, म्हणजे नळ्यांची आहे. बसवणाऱ्या कंत्राटदाराने सॅम्पल लाइन पाइप रॅकवरून सरळ ओढल्या, उतार दिला नाही आणि ट्रेसिंग (नळी गरम ठेवण्याची सोय) अर्ध्याच अंतरापर्यंत केले. फर्मेंटरमधून निघणारा वायू बाष्पाने भरलेला असतो. ३० अंशांना त्यात ४ टक्क्यांहून अधिक बाष्प असते, आणि तेवढ्या बाष्पाने २०.९५ टक्के ऑक्सिजन २०.०७ दिसू लागतो. आपण ज्या १ टक्क्याच्या फरकासाठी एवढा खर्च केला त्याच्याएवढाच हा खोटा फरक. म्हणून आकडे कोरड्या वायूच्या आधारावर काढतात आणि वायू वाटेत थंड होऊ न देता आणतात. पहिल्याच जानेवारीत सात नंबरच्या फर्मेंटरचा कार्बन डायऑक्साइड रात्री दातेरी दिसू लागला. चढायचा, एकदम पडायचा, पुन्हा चढायचा. तीन दिवस आम्ही फर्मेंटरलाच दोष देत होतो. चौथ्या दिवशी पहाटे आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या फिटरने रॅकवर चढून नळीला कान लावला आणि खाली हाक मारली, "साहेब, आत पाणी गुळगुळतंय." दोन खांबांच्या मधोमध नळीला झोळ आला होता, त्यात पाणी साठले होते आणि वायू त्यातून बुडबुडे काढत पुढे जात होता. नळ्या पुन्हा उतारावर बांधल्या, पूर्ण लांबीला ट्रेसिंग केले आणि प्रत्येक फर्मेंटरच्या तोंडाशी पाणी आणि फेस अडवणारे भांडे बसवले. या कामाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ होता, पण तोवरची हिवाळ्यातली आकडेवारी आम्हाला बाजूला ठेवावी लागली.

दुसरी तक्रार फिलामेंट आणि सेवेची. ऑक्सिजन असलेल्या वायूत साधे टंगस्टन लवकर झिजते, म्हणून ऑक्साइडचा लेप दिलेले इरिडियमचे फिलामेंट वापरतात, आणि यंत्रात दोन बसवलेली असतात. आमचे पहिले १४ महिने चालले. ते गेल्यावर यंत्राने दुसरे आपोआप सुरू केले, इथपर्यंत उत्तम. मात्र स्थानिक सेवा देणाऱ्या एजन्सीकडे सुटा भाग शिल्लक नव्हता आणि तो येईपर्यंत सात आठवडे आम्ही एकाच फिलामेंटवर जीव मुठीत धरून काम केले. वार्षिक देखभाल करारात 'सुटे भाग' हे शब्द होते, ते किती दिवसांत मिळतील हे कुठेही लिहिलेले नव्हते. वीज जाण्याच्या बाबतीतही असेच. यूपीएस यंत्राला होता, पण नमुना ओढणाऱ्या पंपाला नव्हता, आणि यंत्र चालू राहून शिळा वायू मोजत बसले. नियंत्रण पटलावर सगळे आकडे सुरळीत, सपाट दिसत होते. सपाट रेषेचा संशय घ्यायला आम्ही त्या दिवशी शिकलो.

कॅलिब्रेशनच्या सिलिंडरविषयीही लिहायला हवे. यंत्र तुलना करते. ज्याच्याशी तुलना करायची तो वायूच चुकीचा असेल तर सगळा प्लांट एकमताने चुकीचा आकडा दाखवेल. वजन करून भरलेले, प्रमाणपत्रात अनिश्चितता स्पष्ट लिहिलेले मिश्रणच घ्यावे. आमच्या खरेदी विभागाने एकदा स्वस्त मिळाले म्हणून वेगळे सिलिंडर आणले. जोडल्यावर कोरड्या हवेचा ऑक्सिजन २१.२ दिसू लागला, आणि हवा तर काही बदललेली नव्हती. तेव्हापासून नवे सिलिंडर जुने संपायच्या आधी आणून दोन्ही एकामागोमाग मोजल्याशिवाय जोडायचे नाही, असा नियम आहे.

इतर उद्योगांतल्या वाचकांसाठी थोडे. अमोनियाच्या कारखान्यात हायड्रोजन आणि नायट्रोजनचे ३ ला १ हे प्रमाण सांभाळायला हे यंत्र अतिशय सोयीचे आहे, कारण इन्फ्रारेडला हायड्रोजन, नायट्रोजन आणि आर्गॉन दिसतच नाहीत. पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन दोन्ही भरपूर असतात आणि दोन्ही २८ वर येतात. त्यांच्या नेमक्या वस्तुमानातला फरक दशांश चिन्हानंतर दुसऱ्या स्थानावर आहे, जो प्रोसेस यंत्राला वेगळा करता येत नाही. तिथे १२ आणि १४ वरच्या तुकड्यांवरून हिशोब लावावा लागतो, त्यामुळे यंत्राचे स्थैर्य आणि कॅलिब्रेशन आमच्यापेक्षाही काटेकोर लागते. फर्मेंटेशनमध्येच मिथेनॉल वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. मिथेनॉलचा ३२ वरचा संकेत ऑक्सिजनखाली झाकला जातो, पण ३१ वरचा मोकळा असतो, आणि मिथेनॉल साठते आहे का हे त्यावर कळते. मात्र नळ्या गरम नसतील तर ते वाटेतच पाण्यात विरघळून जाते.

किमतीच्या मानाने हे यंत्र घ्यावे का? ८-१० पेक्षा कमी फर्मेंटर असतील आणि बॅचचे नियंत्रण श्वसनाच्या आकड्यांवर चालत नसेल, तर माझे उत्तर नाही असे आहे. आमच्याएवढा पसारा असेल आणि आकडे बघून निर्णय घेणारी माणसे प्रत्येक पाळीत असतील, तर नक्की घ्यावे. एका प्रवाहाला १५ सेकंद धरले तर १८ फर्मेंटर आणि हवा मिळून फेरी पाच मिनिटांच्या आत पूर्ण होते, आणि यीस्ट किंवा जिवाणूंसाठी हा वेग पुरेसा आहे. ज्या प्रक्रियेत सेकंदासेकंदाला बदल होतो, तिथे एवढे प्रवाह एका यंत्रावर टाकू नयेत.

पुढच्या वर्षी सीड फर्मेंटरांसाठी (मोठ्या टाकीत सोडायचे जिवाणू आधी वाढवण्याच्या लहान टाक्यांसाठी) दुसरे यंत्र घेण्याचा प्रस्ताव आम्ही दिला आहे. या वेळी मागणीपत्रात यंत्राच्या वर्णनाला दीड पान आहे आणि नळ्यांना चार: प्रत्येक मीटरला किती उतार, ट्रेसिंग कुठून कुठपर्यंत, पाणी अडवणारी भांडी कुठे, नमुना पंपाला यूपीएस, प्रत्येक फर्मेंटरच्या टोकाला कॅलिब्रेशन वायू देण्यासाठी शिडीशिवाय हात पोचेल अशी जोडणी, आणि दोन फिलामेंट पहिल्या दिवसापासून आमच्या स्टोअरमध्ये.